टॉवेल आणि त्याचं विशेषण

सोलापुरात नवी पेठेतल्या कापडाच्या दुकानात जाऊन टॉवेल मागितला, की टॉवेल दिसण्याआधी प्रश्न येतो, "आहेराचा दाखवू का वापरायचा?" बाहेरगावचा माणूस या प्रश्नाने गोंधळतो. इथल्या माणसाला तो अगदी सरळ वाटतो. आहेराचा टॉवेल हलका, झिरझिरीत आणि चकचकीत पिशवीत घडी घातलेला असतो. तो डझनाच्या हिशेबाने बांधून मिळतो आणि त्याच्याच शेजारच्या फळीवर पांढऱ्या टोप्यांचे गठ्ठे असतात. वापरायचा टॉवेल मात्र दुकानदार पिशवीतून काढतो, दोन्ही हातांनी झटकून काउंटरवर पसरतो, त्याच्या अंगावरून उलटं नख फिरवतो आणि म्हणतो, "बघा अण्णा, एक तरी धागा निघतोय का."

एका इंग्रजी शब्दाचे हे दोन अर्थ आमच्या गावाने केले. कोणत्याही इंग्रजी शब्दकोशात ते सापडणार नाहीत. शब्दांच्या उगमाचा शोध घ्यायची मला आवड आहे आणि मी राहतो टॉवेल विणणाऱ्या गावात. त्यामुळे या शब्दाच्या मागे लागणं भागच होतं. मागे गेल्यावर जे हाती लागलं ते इतकं दूरवरचं निघालं, की रोज आंघोळीनंतर खुंटीवरचा टॉवेल ओढताना त्याची आठवण येते.

'टॉवेल'च्या मुळाशी 'धुणे' हे क्रियापद आहे. जुन्या जर्मानिक भाषांमध्ये धुण्याला जो शब्द होता, त्याचंच जुन्या इंग्रजीतलं रूप 'थ्वेआन'. आज इंग्लंडमध्ये हे क्रियापद कुणालाही कळणार नाही. 'वॉश'ने त्याची जागा घेतली आणि ते मेलं. पण मरण्याआधी त्याच कुळातला एक शब्द युरोपच्या मुख्य भूमीवर फ्रँक लोकांच्या तोंडून जुन्या फ्रेंचमध्ये शिरला होता, धुण्यापुसण्याचं फडकं या अर्थाने. फ्रेंच राज्यकर्त्यांबरोबर तो इंग्लंडात आला आणि 'टॉवेल' झाला. म्हणजे घरातला शब्द घरात संपला आणि त्याचा चुलतभाऊ परदेश फिरून त्याच घरात राहायला आला. इटालियनमध्ये याच शब्दाचं 'तोवाल्या' झालं, पण तिथे त्याचा अर्थ जेवणाच्या टेबलावर अंथरायचं कापड. इंग्रजीतही पूर्वी वेदीवर घालायच्या कापडाला टॉवेल म्हणत. युरोपात काटे-चमचे रुळण्याआधी माणसं हातानेच जेवत. पंगतीत हातावर पाणी घालायचं आणि पुसायला कापड पुढे करायचं, हा तिथल्या आतिथ्याचा भाग होता. आपल्याकडे हात धुतलेल्या पाहुण्यापुढे टॉवेल घेऊन उभं राहणारं घरातलं पोर ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

याच कुळातलं पोर्तुगीज रूप 'तुआल्या'. आपल्या दृष्टीने हाच धागा जास्त महत्त्वाचा, कारण आपल्या किनाऱ्यावर इंग्रजांच्या आधी पोर्तुगीज आले. 1510 साली त्यांनी गोवा घेतला आणि त्यांच्या रोजच्या वापरातल्या वस्तूंबरोबर शब्दही आत आले. साबण, बटाटा, पाव, चावी, पगार हे सगळे शब्द त्याच वाटेने आलेले मानले जातात. कोकणीत 'तुवालो' झाला, मराठीत 'टुवाल', हिंदी-उर्दूत 'तौलिया', कानडीत 'टुवालु' आणि तेलुगूत 'तुव्वालु'.

ही यादी मी मुद्दाम पूर्ण लिहिली, कारण सोलापुरात या सगळ्या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात. शहराच्या पूर्व भागात, साखर पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पट्ट्यात तेलुगू बोलणारा पद्मशाली विणकर समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतो. निजामाच्या मुलखातून, आजच्या तेलंगणातून, हातमागाचं कसब घेऊन ही घरं इथे आली. कुणी दुष्काळामुळे आली, कुणी इथल्या कामाची कीर्ती ऐकून. 1877 साली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. गाव तिला पुढे 'जुनी मिल' म्हणू लागलं. तिच्यामागोमाग आणखी गिरण्या आल्या आणि हातमागाच्या गावाला भोंग्याची सवय लागली. आजही पूर्व भागातल्या कारखान्यात मालक हिशेबाच्या वहीत मराठीत 'टॉवेल' लिहितो, मागावरच्या माणसाशी तेलुगूत बोलतो, माल न्यायला आलेला टेम्पोवाला कानडीत भाव विचारतो आणि गठ्ठे बांधणारा उर्दूत उत्तर देतो. तिघांचौघांच्या तोंडी एकच शब्द असतो. फक्त कुणाकडे तो पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, कुणाकडे इंग्रजांच्या आगबोटीतून.

मराठीत 'टुवाल' मागे पडला आणि 'टॉवेल' पुढे आला, तो इंग्रजी शाळा आणि गिरण्यांच्या काळात. खेड्यात अजून 'टावेल' म्हणतात. मला तो उच्चार आवडतो, कारण त्यात जुना आणि नवा दोन्ही शब्द अर्धे-अर्धे राहिलेत.

इंग्रजी शब्द पचवण्यात हे गाव पटाईत आहे. पार्क चौक आणि मेकॅनिक चौक ही नावं घेताना आपण इंग्रजी बोलतोय असं इथे कुणाच्या मनातही येत नाही. देणंघेणं उलट बाजूनेही झालंय. आपली 'पेठ' कानडीत 'पेटे', तेलुगूत 'पेट' आणि दक्षिणेतल्या या शब्दावरून इंग्रजांनी किल्ल्याबाहेरच्या वस्तीसाठी 'पेट्टा' असा शब्द आपल्या कोशात नेऊन ठेवला. एकच इंग्रजी शब्द सोलापूरने आपलासा केला नाही. 'मार्शल लॉ'. मे 1930 मध्ये सरकारने हे शहर लष्कराच्या ताब्यात दिलं आणि 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यात फासावर दिलं. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळून जाताना आजही वडीलधारी माणसं तो शब्द इंग्रजीतच उच्चारतात. लष्करी कायदा असं भाषांतर कुणी करत नाही, आणि करूही नये.

टॉवेलचं तसं नाही. तो आला, घरात राहिला आणि त्याने घरातल्या एका जुन्या माणसाला हलवलं. तो जुना माणूस म्हणजे पंचा. पातळ, साधा, उभ्या-आडव्या धाग्यांचा सरळ विणलेला पंचा पावसाळ्यातसुद्धा दोन तासांत वाळायचा. अंग पुसायला, कमरेला गुंडाळायला, डोक्यावर घ्यायला, भाकरी बांधायला, ताक गाळायला, सगळ्याला तोच. टॉवेल जाड आणि श्रीमंत. श्रावणात तो दोन-दोन दिवस ओला राहतो. तरीही तो जिंकला, कारण अंगावरचं पाणी पंचा पुसतो, टॉवेल पितो.

हे पिणं कुठून आलं? तर तुर्कस्तानातून. तुर्की हमामखान्यात वापरायच्या कापडावर दोऱ्याचे बारीक बारीक फुगवटे विणलेले असत. तुर्की भाषेतला टॉवेलचा शब्द 'हावलू' त्या फुगवट्यांवरूनच पडला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला हेन्री क्रिस्टी नावाचा इंग्रज इस्तंबूलकडून असं एक कापड घेऊन इंग्लंडला परतला. हे हाताचं काम यंत्रावर कसं आणायचं, हे कोडं सॅम्युअल होल्टने सोडवलं आणि 1851च्या लंडनमधल्या मोठ्या प्रदर्शनात क्रिस्टींचा टॉवेल मांडला गेला. तिथून तो जगभर गेला, नाव लावून गेला, 'टर्किश टॉवेल'. आपल्या घरात आजी-आजोबांच्या पिढीपर्यंत हा शब्द रोजचा होता. पंचा वेगळा, नॅपकिन वेगळा, आणि ट्रंकेत जपून ठेवलेला, पाहुणा आला की काढायचा तो 'टर्किशचा टॉवेल'.

ते कोडं काय होतं, हे पूर्व भागातल्या एखाद्या कारखान्यात मागाशेजारी उभं राहिल्याशिवाय कळत नाही. नेहमीच्या कापडाला एक ताणा, म्हणजे उभ्या धाग्यांचा एक संच, पुरतो. टॉवेलला दोन लागतात. मागाच्या पाठीमागे दोन बीम असतात. एकावरचा ताणा ताठ ओढलेला, दुसऱ्यावरचा सैल सोडलेला. आडवा धागा नेणारा धोटा एकदा गेला, दुसऱ्यांदा गेला, तरी ते दोन आडवे धागे विणलेल्या कापडाला चिकटत नाहीत. जरा अंतर राखून थांबतात. तिसरा धागा आला की फणी तिघांना एकदम पुढे रेटते. ताठ ताणा जागचा हलत नाही. सैल ताणा मात्र त्या तिघांबरोबर पुढे सरकतो आणि वाढलेला दोरा फुगून वर येतो. झाली लूपची एक ओळ. पुन्हा दोन थांबायचे, तिसऱ्याने रेटायचं. हातभर टॉवेल विणताना हे शेकडो वेळा होतं आणि डोळ्यांना फक्त एक थरथर दिसते. सैल ताण्याचा एक धागा तुटला तर टॉवेलच्या अंगावर उभी टकली रेघ पडते, म्हणून विणकराची नजर त्या थरथरीवरून हलत नाही. तुटला की हात जातो, माग थांबतो, दोन बोटांत टोकं धरून गाठ बसते, माग सुरू. हे मनात म्हणायला जितका वेळ लागतो तितकाही त्याला लागत नाही. आवाज एवढा असतो की तिथे बोलायचं ते हातांनीच. केसांवर, भुवयांवर कापसाची पांढरी भुकटी बसलेली. उन्हाळ्यात सोलापूरचा पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याखालच्या त्या खोलीत विणकराच्या मानेवरही एक टॉवेल असतो. जुना, वाळून कडक झालेला, लूप झिजून पंच्यासारखा पातळ पडलेला. दिवसभर नव्या टॉवेलचे ताके उतरवणारा माणूस घाम त्या टॉवेलला पुसतो.

ताका उतरला की त्याचे तुकडे होतात आणि कडा दुमडून शिवायला जातात. हे काम बहुतेक बायका करतात आणि मजुरी डझनावर मिळते. नवी पेठेत दुकानदार नख फिरवून दाखवतो तेव्हा तारीफ विणीची होते. कडेची शिवण कुणी बघत नाही. मी बघतो. टॉवेल पहिल्यांदा फाटतो तो कडेनेच, आणि कड चांगली शिवलेली असेल तर तो दहा वर्षं टिकतो.

आता अर्थांकडे येतो. शब्दाचा उगम पंडित सांगू शकतात, पण अर्थ वापरणारे घडवतात. मराठी माणसाने टॉवेलला जे अर्थ दिले ते पाहिले, की या शब्दाला परका म्हणायची मला लाज वाटते.

पहिला अर्थ मानाचा. आपल्याकडे गावाकडच्या लग्नात टॉवेल-टोपी हा एकच जोडशब्द आहे. व्याह्याला टॉवेल-टोपी, मामाला टॉवेल-टोपी, पाटलाला, सरपंचाला, मंडपवाल्यालासुद्धा. माइकवरून नाव पुकारलं जातं, माणूस गर्दीतून पुढे येतो, डोक्यावर टोपी चढते, खांद्यावर टॉवेल येतो, आणि नाव राहिलं असेल तर रुसवा वर्षानुवर्षं चालतो. या टॉवेलने कुणी अंग पुसत नाही. तो या लग्नातून त्या लग्नात जातो, पिशवीसकट. इंग्रजीत पुसण्यासाठी जन्मलेल्या शब्दाने इथे माणसाची दखल घेण्याचं काम पत्करलं.

दुसरा अर्थ दुःखाचा. बाप गेला, दहाव्याला मुलाचं मुंडण झालं, की सोयरे-धायरे टॉवेल-टोपी घेऊन येतात. दुखवट्याची. त्याच वस्तू, त्याच दुकानातल्या. भादरलेलं डोकं झाकायला टोपी आणि डोळे पुसायला टॉवेल, असा त्याचा मूळ हेतू असावा असं मला वाटतं. काही असो, पण पोरक्या झालेल्या माणसाच्या खांद्यावर मामाने टाकलेला तो टॉवेल मी पाहिलाय. तिथे टॉवेलचा इंग्रजी अर्थ सांगायची कुणाची छाती होणार नाही.

तिसरा अर्थ हक्काचा. एसटी स्टँडात शिरायच्या आत खिडकीतून टॉवेल आत टाकला की ती जागा आपली. पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरच्या गाड्यांना आषाढी-कार्तिकीत हा कायदा काटेकोर पाळला जातो. इंग्रजीत याच्या नेमकं उलट आहे. तिकडे मुष्टियुद्धात रिंगणात टॉवेल फेकला की खेळाडूने हार मानली, आणि त्यावरून 'टॉवेल फेकणे' म्हणजे शरण जाणे. आपल्याकडे टॉवेल फेकणे म्हणजे जागा जिंकणे. शब्द एक, कृतीही तीच, आणि अर्थ इतके समोरासमोर! मात्र एका ठिकाणी दोन्ही भाषा गळ्यात गळा घालतात. इंग्रजीत जुन्या काळी 'टॉवेल' हे क्रियापद बडवण्यासाठी वापरत आणि सोट्याला 'ओकचा टॉवेल' म्हणत. आपण 'धुलाई केली' म्हणतो तेव्हा धुण्यापासून मारापर्यंत तीच वाट चालतो, कुणी कुणाचं न ऐकता.

चौथा अर्थ खुर्चीचा. सरकारी कचेरीत साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर पांढरा टॉवेल असतो. बाकीच्या खुर्च्यांवर नसतो. साहेब नसले तरी टॉवेल असतो. या अर्थावर मला जास्त लिहायचं नाही. टॉवेल-टोपीतला मान गावाने दिलेला असतो, हा हुद्द्याने घेतलेला.

हे सगळं सांगितलं ते एका गोष्टीपर्यंत येण्यासाठी. 'टॉवेल' हे नाम कुणाच्याच मालकीचं नाही. फ्रँकांचं नाही, पोर्तुगीजांचं नाही, इंग्रजांचं नाही. ते सगळ्यांनी घेतलं आणि घ्यावं. पण त्याच्या आधी लागणारं विशेषण मात्र कुणाच्या तरी घामाचं असतं, आणि कापडाच्या इतिहासात विशेषणांची फार नासाडी झाली आहे.

मुंबईतल्या डोंगरीचं उदाहरण घ्या. तिथलं जाडंभरडं सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी गावाच्या नावाने ओळखलं आणि इंग्रजीत 'डंगरी' हा शब्द तयार झाला. आज डंगरी म्हणजे जगभर कामगारांचा एक पोशाख. ती घालणाऱ्या लाखोंत डोंगरी कुठे आहे हे किती जणांना ठाऊक असेल? कालिकतच्या कापडाचं 'कॅलिको' झालं, आणि पुढे कॅलिको मँचेस्टरच्या गिरण्यांत निघू लागलं. कालिकतचे विणकर गेले आणि त्यांचं गाव दुसऱ्याच्या मालावरचा शिक्का होऊन राहिलं. 'टर्किश'चंही तेच. क्रिस्टींच्या यंत्रावर निघालेला टॉवेल तुर्की कुठे होता? विशेषण आधी मोठं होतं, मग सैल होतं, मग त्यातलं गाव गळून जातं. वस्तू उरते आणि ती कुणीही कुठेही करतो.

'सोलापुरी' हे विशेषण आज त्याच वाटेवर उभं आहे, आणि मला त्याची मनापासून काळजी वाटते. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टॉवेल ही नावं देशभर चालतात. चालतात म्हणूनच दुसऱ्या राज्यांत विणलेला, वजनाला हलका, स्वस्त माल हेच नाव लावून विकला जातो, ही इथल्या कारखानदारांची जुनी तक्रार आहे. दोन्ही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्यासाठीचा कायदा 1999 साली झाला, 2003 साली लागू झाला, आणि मानांकन मिळवणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या वस्तूंत सोलापूरची चादर आणि टेरी, म्हणजे लूप विणलेला, टॉवेल आहेत. कायदा नेमकं काय करतो? तो टॉवेल कुणी विणायचा नाही असं म्हणत नाही. तो एवढंच म्हणतो, की सोलापूरचं नाव लावायचं असेल तर माल सोलापूरचा हवा. नाम सगळ्यांना मोकळं आणि विशेषण त्याच्या धन्याचं. याहून रास्त वाटणी मला सुचत नाही.

पण कायदा कागदावर असतो आणि टॉवेल काउंटरवर. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जुनी मिल 1963 मध्येच थंडावली. त्यानंतर या गावाने यंत्रमागावर पोट भरलं. आज यंत्रमागही सुताचे दर, विजेचं बिल आणि पडेल भावाचा बाहेरचा माल यांच्यात अडकलाय. पूर्व भागातल्या कित्येक घरांतली पुढची पिढी मागावर बसायला तयार नाही, आणि त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. दुकानदारालाही दोष देववत नाही. गिऱ्हाईक दहा रुपये कमी असलेलाच टॉवेल मागतं.

म्हणून बोलायचं ते गिऱ्हाइकाशीच, म्हणजे तुमच्याशी. आहेराचे पन्नास टॉवेल घेताना त्यातले दहा कमी करा, पण उरलेले वापरता येण्यासारखे घ्या. मान दिला तो माणसाच्या अंगाला लागू दे. नवी पेठेत या, नाहीतर तुमच्या गावच्या पेठेत जा, आणि दुकानदाराने 'सोलापुरी' म्हणताच त्याला विचारा, हा सोलापुरात विणलाय का? लेबल दाखवायला लावा. विणीवर नख फिरवा, कडेची शिवण बघा, हातावर वजन तोला. खरा असेल तर दहा रुपये जास्त द्या, आणि खोटा निघाला तर तसं तोंडावर सांगून परत ठेवा.